तणाचे सरळ पट्टे

२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी लवकर उठलो. चहा केला, दूध उतू गेलं. शेताला चक्कर मारली. दुपारी पडून राहिलो, झोप लागली नाही. रात्री पाव आणि उकडलेलं अंडं. अंडं कच्चं राहिलं.

ही वही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रोज चार ओळी लिहा, मन मोकळं होतं म्हणाले. माझं मन मोकळंच आहे. पण वही आणली आहे, तर लिहितो.

बायको जूनमध्ये गेली. मी व्यवस्थित आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

लेकीचा फोन. नेहमीचाच विषय. घर बंद करा, आमच्याकडे राहायला या, शेत शेजाऱ्याला कसायला द्या. शेजाऱ्याला मी मनात सॅटेलाइट म्हणतो. त्याचा ट्रॅक्टर सॅटेलाइटच्या खुणेवर आपोआप सरळ जातो आणि तो आत मांडीवर हात ठेवून बसतो. माणूस वाईट नाही. मला साहेबकाका म्हणतो. पण मांडीवर हात ठेवून शेती होत नाही.

लेक म्हणाली, गव्हातलं तण तुम्हाला एकट्याला आवरायचं नाही, आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी. मी शांतपणे विचारलं, फवारणीला आई काय करायची? उभी राहायची. ट्रॅक्टर मी चालवायचो, औषधाचं माप मी घालायचो. ती अलीकडच्या बांधावर सकाळी काठ्या रोवायची आणि मग पलीकडच्या बांधावर लाल छत्री उघडून उभी राहायची, म्हणजे मला नाकासमोर जाता यावं. एक फेरी झाली की पावलं मोजत पुढे सरकायची आणि पुन्हा उभी. एवढंच. हे काम काठीसुद्धा करू शकते.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. रेंज गेली असावी.

शेवटी ठरलं ते असं. नोव्हेंबरच्या शेवटी ती येईल. शेतात तण नसेल तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. असेल तर शेत सॅटेलाइटला आणि मी तिच्याकडे. अट मीच घातली. ती नको नको म्हणत होती. आपण हरणार हे तिला कळलं असावं.

७ सप्टेंबर, शनिवार

औषधवाल्याकडे गेलो. म्हणजे तणनाशकं विकतो तो. त्याने एक माहितीपत्रक दिलं, शरदातलं तणनियंत्रण अधिक परिणामकारक कसं करावं. घरी येऊन पेन्सिल घेऊन वाचलं. मुद्देसूद आहे. पेरणीची घाई करायची नाही. रान तयार करून तसंच ठेवायचं, तणाला वाटू द्यायचं की हंगाम सुरू झाला. ते उगवलं की मोडायचं आणि मग खरा गहू पेरायचा. माती बारीक हवी, ढेकळाआड औषध पोचत नाही. जमिनीत ओल हवी, वारा नको, ट्रॅक्टर सावकाश. गहू वर यायच्या आत फवारणी झाली पाहिजे, कारण एकदा दोघं बरोबर वाढले की तण गव्हाच्या आधी जेवतं.

शेवटच्या पानावर लिहिलं आहे की फेऱ्यांमधलं अंतर टेपने मोजून घ्या. हे नवशिक्यांसाठी. मी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी पूर्ण केली. वजनाच्या बुडाला शिसं कमी आहे हे मी नुसतं तळहातावर घेऊन सांगत असे. बाजारात मी शिरलो की तराजू आपोआप सरळ व्हायचे असं लोक म्हणत.

उद्दिष्ट ठरवलं: अठ्ठ्याण्णव टक्के तण नाहीसं करणे. शंभर म्हणणं उद्धटपणाचं दिसतं.

इतर संकल्प: चहात साखर एकच चमचा. एकट्याने मोठ्याने बोलायचं नाही. दारातले बायकोचे शेतावरचे बूट उद्या माळ्यावर टाकायचे.

१० सप्टेंबर, मंगळवार

रान तयार केलं. माती रव्यासारखी बारीक झाली. स्वतःवर खूश.

बूट राहिले. शिडी सापडली नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तण फसलं. सगळं रान हिरवं झालं आहे. रस्त्यावरून जाताना पोस्टमन थांबला, काय पेरलंत म्हणून कौतुकाने विचारलं. मी म्हणालो, तण. त्याने मान हलवली. मग जरा जवळ येऊन, जेवणखाण वेळेवर होतं ना, असं विचारून गेला.

संध्याकाळी सॅटेलाइटची बायको भांडंभर सूप घेऊन आली. पोस्टमन काय बोलला असेल ते कळलं. गैरसमज दूर करणार होतो, पण सूप गरम होतं. आधी प्यायलो.

२१ सप्टेंबर, शनिवार

वरच्या वर कुळव फिरवून सगळं तण मोडलं. पुस्तकात लिहावं असं काम.

दुपारी फवारणी पंपाला नवीन नोझल बसवले. एक पुढे झुकलेला, एक मागे, म्हणजे ढेकळाच्या दोन्ही बाजू भिजतात. अंगणात पंप चालू करून तपासले. टाकीत गेल्या वर्षीचं थोडं पाणी होतं, तेच वापरलं. वारा बेताचा होता. फवारा सुंदर पडला, पार कुंपणापर्यंत.

टाकी दर वर्षी बायकोच धुवायची. गेल्या वर्षी फवारणी झाली आणि तिला बरं वाटेनासं झालं. तेव्हा टाकी कोणी धुतली ते आठवत नाही. धुतलीच असणार.

२९ सप्टेंबर, रविवार

कुंपणालगतच्या तिच्या गुलाबांची पानं पिवळी पडली आहेत. ऋतू बदलतो आहे, पानं पिवळी पडायचीच.

लेकीने फोनवर विचारलं, आईच्या गुलाबांना पाणी घालता ना? मी म्हणालो, घातलं. खोटं नाही.

साखर दीड चमचा. थंडी सुरू झाली आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

गहू पेरला. शेजारीपाजारी सगळ्यांचं केव्हाच आटपलं. मी मुद्दाम थांबलो होतो. सॅटेलाइट कुंपणापाशी येऊन म्हणाला, साहेबकाका, माझ्याकडचं मोठं फवारणी यंत्र घेऊन येतो, अर्ध्या तासाचं काम. मी आभार मानले आणि नको म्हणालो. मग म्हणाला, निदान पलीकडच्या बांधावर उभं राहायला येतो. त्यालाही नको म्हणालो.

लेकीनेही तेच विचारलं होतं. सुट्टी काढून येते, छत्री घेऊन उभी राहते. मी म्हणालो, तुझी नोकरी सांभाळ.

त्या बांधावर दुसरं कोणी उभं राहिलं तर मला लक्ष देता येणार नाही. हे तांत्रिक कारण आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

दोन्ही बांधांवर काठ्या रोवल्या. अलीकडे बायकोने तोडून ठेवलेल्या, पलीकडे तेवढ्याच मोजून मी तोडलेल्या. तिचा पावलांचा आकडा मला पाठ आहे. ती मोठ्याने मोजायची. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू यायचं नाही, पण लांबून ओठ हलताना दिसायचे, आणि शेवटच्या आकड्याला ती मान हलवून थांबायची. इतक्या वर्षांत दोन फेऱ्यांच्या मधे वीतभर जागा सुटली नाही. म्हणजे आकडा तपासलेला आहे. आमच्या खात्यात ज्या मापावर शिक्का बसला ते माप त्या वर्षी पुन्हा उघडून बघत नसत. टेप गोठ्यात खिळ्याला आहे. तिथेच राहू दे.

कॉलर ताठ करून चाललो. पूर्वी बाजारात तपासणीला निघायचो तसा. एका काठीपासून तिचा आकडा, दुसरी काठी. तिथून पुन्हा तिचा आकडा, तिसरी. लांबून दिसाव्यात म्हणून वर पांढऱ्या पिशव्या बांधल्या.

लाल छत्री खुंटीवरून काढली होती. उघडली नाही. परत ठेवली.

शेवटी दोन्हीकडे दोन-दोन काठ्या उरल्या. तिने दर वेळेप्रमाणे जास्तीच्या तोडून ठेवलेल्या असणार. कुठलीही गोष्ट चार जास्त आणायची ही तिची जुनी सवय, त्यावरून आमची बोलाचाली व्हायची. या बाबतीत मीच बरोबर होतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

फवारणी झाली. वारा नव्हता. ओल होती. वेग कमी ठेवला. माहितीपत्रकातलं एकूण एक पाळलं.

काठ्या जागच्या हलत नाहीत, पाणी प्यायला जात नाहीत, सॅटेलाइटच्या बायकोशी बोलत उभ्या राहत नाहीत. एका फेरीला मी काठीला "सरक पुढे" म्हणालो. यात संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. काठी समोर होती, म्हणजे मी एकटा नव्हतो.

यंदा फेऱ्या कमी लागल्या. काम लवकर उरकलं आणि टाकीत बरंच औषध उरलं. तेच शेत, तेच औषध, आणि बचत. परिणामकारकता वाढते ती अशी. एक माणूस कमी करूनही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

औषधवाल्याला मुद्दाम जाऊन बचतीचं सांगितलं. कौतुक करेल असं वाटलं होतं. तो वजनकाटा पुसत होता, तो थांबवून म्हणाला, "उरायला नको, साहेब. उरलं म्हणजे कुठेतरी पडलं नाही."

त्याला विकायचं असतं. दुसरं काय म्हणणार.

परत येताना सवयीने दोन पाव घेतले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

गहू वर आला. कोवळा, एकसारखा. मधल्या जागेत तणाचं नाव नाही. बांधावर बराच वेळ उभा होतो. हे दाखवायला कोणीतरी असतं तर बरं झालं असतं, म्हणजे तज्ज्ञ कोणी.

लेकीला फोन करून सांगितलं, यायची काही गरज नाही, उगाच भाडं खर्च होईल. ती म्हणाली, येणारच. वर म्हणाली, बाबा, आवाज बरा वाटतोय आज. मी म्हणालो, शेत स्वच्छ आहे.

जावई मागून काहीतरी बोलला. ती हसली. मला सांगितलं नाही.

शिडी सापडली. गोठ्यातच होती. बूट मात्र ओले वाटले. ओले बूट माळ्यावर टाकू नयेत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काही ठिकाणी गहू फार दाट आला आहे. मजा म्हणजे दाट आलेला भाग सरळ रेषेत आहे. या बांधापासून त्या बांधापर्यंत. पेरणी यंत्रातून तिथे बी जास्त पडलं असावं. पीक जास्त येईल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गहू नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तणच आहे. गवतासारखं, बारीक पानाचं. बघता बघता गव्हाच्या वर जाईल. शेतभर पट्टेच पट्टे आहेत. एक रुंद पट्टा स्वच्छ गव्हाचा, मग एक अरुंद तणाचा, पुन्हा गव्हाचा, पुन्हा तणाचा. सगळं रस्त्यावरून दिसतं. पोस्टमनने आज सायकलचा वेग कमी केला, पण थांबला नाही. काय विचारावं ते त्याला सुचलं नसेल.

एक उपटून औषधवाल्याकडे घेऊन गेलो आणि औषधात भेसळ आहे असं स्पष्ट सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, भेसळ असती तर मधला गहू स्वच्छ कसा? मी त्याला सांगितलं की मी कोण आहे. तो म्हणाला, माहीत आहे साहेब, माझ्या वडिलांच्या काट्याला तुम्हीच शिक्का मारला होता. नंतर बसा म्हणाला. बसलो नाही.

घरी आल्यावर विचार केला. औषध बरोबर, नोझल नवीन, वारा नव्हता. म्हणजे दोष तणात आहे. माहितीपत्रकात आहे की काही तण औषधाला दाद देत नाही, त्याच्या अंगात प्रतिकार येतो. आमच्या तणात तो पट्ट्यापट्ट्याने आला आहे. ही बाब नवीन असावी. वरच्या ऑफिसला कळवायला हवी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सॅटेलाइट सहज आल्यासारखा आला. पट्ट्यांकडे बघत नाही असं दाखवत माझ्या तब्येतीची चौकशी केली. शेवटी राहवलं नाही. म्हणाला, साहेबकाका, फेरी सुटली असेल का? मी म्हणालो, एखादी सुटेल, प्रत्येक दोन फेऱ्यांच्या मधे नेमकी तेवढीच कशी सुटेल? चूक असती तर वेडीवाकडी असती. एवढं एकसारखं काही चुकून होत नाही.

काकूंची आठवण येते म्हणाला, आणि गेला. विषयाला सोडून बोलायची त्याला सवय आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

लेक यायच्या आत पट्टे हाताने काढायचे ठरवलं. खुरपं घेतलं आणि पहिल्या पट्ट्यात बसलो. बांधापासून साधारण ट्रॅक्टरच्या लांबीइतकं काढून झाल्यावर कमरेत उसण भरली. पाऊस आला. उठता येईना. तसाच भिजत बसलो. तिथून घर दिसतं. खिडकीत दिवा नव्हता, कारण लावणारा मीच.

नंतर उठलो.

साखर मोजणं बंद केलं आहे. डॉक्टरांनी तसा काही आग्रह धरला नव्हता.

२४ नोव्हेंबर, रविवार

नवीन योजना. शेताकडच्या मागच्या खिडकीला पडदा लावला. जाड, तिच्या जुन्या चादरीचा. लेक सकाळच्या गाडीने येते, दुपारच्या गाडीने जाते. मधल्या वेळात तिला स्वयंपाकघरात बसवायचं, खिडकीकडे पाठ करून. शेत दुरून दाखवायचं. नाहीतर धुक्याचं सांगायचं. या दिवसांत धुकं असतं.

खोटं बोलायचं नाही. फक्त उजेडाची दिशा सांभाळायची.

टेबलापाशी बायकोची खुर्ची आहे, तिथे बसवलं तर बरोबर खिडकीकडे पाठ येते. पण त्या खुर्चीवर जूनपासून कोणी बसलेलं नाही. दुसरी खुर्ची फिरवून ठेवीन.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घर झाडलं. भांडी घासली. अंडी बरोबर उकडायला लागली आहेत, ते लेकीला दाखवता येईल.

बूट दारातच आहेत. आता उद्या ती येणार म्हटल्यावर हलवले तर मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आत पडदा सरकवला. बघत राहिली. मी म्हणालो, धुकं आहे. चांगलं ऊन पडलं होतं.

ती म्हणाली, चला, जाऊन येऊ. तिच्या पायात शहरातले पातळ बूट. शेतात चिखल. तिने दारातले तिच्या आईचे बूट पायात घातले. बरोबर आले. मी दुसरीकडे बघत होतो.

बांधावर काठ्या अजून तशाच आहेत. पिशव्या फाटल्या आहेत. मी तिला प्रतिकाराबद्दल सगळं समजावून सांगितलं, तण कसं औषधाला दाद देत नाही, पट्ट्यापट्ट्याने कसं होतं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, काठ्या कशावरून रोवल्या? मी म्हणालो, आईच्याच आकड्यावरून, एक पाऊल कमी नाही, एक जास्त नाही.

ती पहिल्या काठीला पाठ लावून उभी राहिली आणि चालायला लागली. मोठ्याने मोजत. आकडा तिलाही पाठ आहे. लहानपणी आईच्या मागून शेपटासारखी चालायची, तेव्हाचा. चालण्याची तीच ढब, अंग किंचित डावीकडे. शेवटचा आकडा म्हणाली, मान हलवली आणि थांबली.

काठी तिच्या पुढे होती. बरीच पुढे. मधल्या जागेत एक माणूस आडवा झोपला असता.

तिने हात लांब करून आधी बूट आणि काठी यांच्यामधली जागा दाखवली, मग शेतातला तणाचा पट्टा. तेवढाच. डोळ्यांना कळत होतं, मोजायची गरज नव्हती. ती पुढच्या काठीपासून पुन्हा चालली. पुन्हा तेवढंच.

"बाबा," ती म्हणाली, "आईचं पाऊल लहान होतं."

मी म्हणालो, टेप आणतो. आणायला गेलो नाही. तिथेच उभा राहिलो. औषध का उरलं, फेऱ्या कमी का लागल्या, काठ्या का उरल्या, सगळं एकदम ओळीने समोर आलं. बायकोने जास्तीच्या तोडल्या नव्हत्या. बरोबर तोडल्या होत्या.

एवढी वर्षं तिला त्या बांधावर चालताना रोज नाही तरी दर शरदात पाहिलं. ओठ पाहिले, छत्री पाहिली. आकडा लक्षात ठेवला. पाय पाहिले नाहीत.

लेकीने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. म्हणाली, चला, अंडी खाऊ. स्वयंपाकघरात मी दुसरी खुर्ची फिरवून ठेवली होती. ती सवयीने आईच्या खुर्चीवर बसली. खुर्चीला काही झालं नाही.

१ डिसेंबर, रविवार

लेक काल दुपारऐवजी आज सकाळी गेली. अटीचा शब्दसुद्धा काढला नाही. गाडी सुटायची वेळ होईपर्यंत मी वाट पाहिली. मग खिडकीशी जाऊन मीच म्हणालो की ठरलं ते ठरलं. ती म्हणाली, बाबा, यंदाचं राहू द्या ना. मी म्हणालो, शिक्का मारल्यावर माप बदलत नाही. तिला रडू आलं. हे वाक्य मी खात्यात फार वेळा वापरलं आहे, तेव्हा कोणी रडलं नव्हतं. एका दुकानदाराचा अपवाद सोडून.

घरी येऊन सॅटेलाइटला फोन केला. पुढच्या पेरणीपासून शेत तू बघ. तो बराच वेळ गप्प. त्याचीही रेंज जाते. मग म्हणाला, साहेबकाका, उभ्या पिकात चालणारं औषध आहे, उद्या येतो आणि पट्ट्यांवर मारून देतो, कुणाला कळणारही नाही. मी म्हणालो, यंदाचं पीक माझं आहे, पट्टे मी हाताने काढतो. कंबर? म्हणाला. मी म्हणालो, बरी आहे.

मग त्याने हळूच विचारलं, लेकीकडे कधी जाणार? मी म्हणालो, पट्टे झाले की. घाई करून चालणार नाही. तण मुळासकट निघालं पाहिजे, नाहीतर पुन्हा फुटतं. एकेका पट्ट्याला किती वेळ लागेल ते आता सांगता येत नाही. पट्टे बरेच आहेत.

तो म्हणाला, हो काका, सावकाश करा.

३ डिसेंबर, मंगळवार

ऊन. वारा नाही. फवारणीला उत्तम दिवस.

पहिला पट्टा अर्ध्यावर आला आहे. बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती नोंदवून ठेवतो. पट्टे सरळ आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही वाकडा नाही, सगळ्यांची रुंदी सारखी. इतकं सरळ तर ती असतानाही कधी गेलो नव्हतो. सॅटेलाइटने येऊन बघावं.

गुलाबांना बुंध्याशी नवी पालवी दिसते आहे. एका रोपाला. पाणी घातलं. साधं पाणी, बादली आधी विसळून घेतली.

लेकीने चिखलाचे बूट तसेच दारात काढून ठेवले होते. नळाखाली धरून धुतले. टाचेकडचा चिखल वाळला होता, काडीने काढला. उन्हात पालथे ठेवले. शिडी भिंतीला लावलेलीच आहे.

मग खुरपं घेऊन पट्ट्यात जाऊन बसलो.